सातच्या आत

इंदुरात दिवस पोह्यांनी सुरू होतो आणि सराफ्यात संपतो. सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव, जीरावन, लिंबू आणि बाजूला जिलेबी. रात्री सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, मालपुवे, रबडी, आणि थंडीत तळलेला गराडू. होळकरांच्या वेळेपासून इथे आलेला मराठी माणूस या ताटात पुरता मुरला आहे. अशा गावात कुणाला शुगर निघाली की त्याच्या हातात एक छापील कागद पडतो. काय खायचं नाही, याची यादी त्यावर असते. त्या यादीने त्याच्या दिवसाचं काय होतं, घरातली त्याची जागा कशी बदलते, रात्री झोप कशी लागते, हे विचारायला कुणाकडे वेळ नसतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रमाणात गोवा सगळ्यात वर, २६ टक्क्यांच्या पुढे. एवढ्या माणसांच्या उपचाराचं यश आपण प्रामुख्याने एकाच आकड्यावर जोखतो. तो म्हणजे एचबीएवनसी, लोकांच्या भाषेत तीन महिन्यांची शुगर. ती सातच्या आत हवी, हे आता घराघरात पाठ झालं आहे.

ब्रिटनमधल्या क्लेअर ब्रॅडली यांनी तयार केलेली एक प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. मधुमेहामुळे तुमच्या आयुष्यातलं काय काय आणि किती बिघडलं, असं ती रुग्णालाच विचारते. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा सगळ्यात वर येते ती मनासारखं खाण्याची गेलेली मोकळीक. इंदूरकराला हे सांगायला प्रश्नावली लागणार नाही. पण गेलेलं फक्त खाणंच असतं का, आणि या तक्रारीला उपचारात किती जागा द्यायची, यावर डॉक्टर आणि रुग्ण यांचं क्वचितच मोकळं बोलणं होतं. म्हणून ते इथे घडवून आणलं आहे. पुढची तीन माणसं माझ्या कल्पनेतली आहेत. त्यांची दुखणी मात्र या शहरात कुठल्याही गल्लीत सापडतील.

राजेंद्र नगरातलं घर, संक्रांत दोन दिवसांवर आलेली. मामा बहात्तर वर्षांचे, स्टेट बँकेतून निवृत्त झालेले. शुगर एकोणीस वर्षांची. भाची एमडी होऊन शहरातल्याच एका रुग्णालयात काम करते. मामी आत तिळगुळाचे लाडू वळते आहे.

भाची : मामा, रिपोर्ट पाहिला. ७.८. मागच्या वेळी ७.४ होती. गोळी वाढवूनही वर कशी गेली?

मामा : गोळी वाढवली म्हणूनच गेली.

भाची : म्हणजे?

मामा : डोस वाढल्यापासून रात्री तीनच्या सुमाराला जाग येते. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतात, छातीत धडधड. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. तुझ्या मामीने मशीन लावलं तर ५८. साखरपाणी प्यायलो, पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं. पण भीती मनात बसली ती बसलीच. तेव्हापासून झोपताना चार बिस्किटं खातो. भूक असो नसो.

भाची : हे डॉक्टरांना सांगितलंत?

मामा : त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, सातच्या आत यायला हवी. पुढचा पेशंट दारात उभा होता. मी उठलो.

भाची : सांगायला हवं होतं. सत्तरच्या खाली गेली की शुगर लो झाली असं धरतात. तुम्ही घेता ती ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. वय वाढलं, किडनीचं काम थोडं मंदावलं की तिचा परिणाम शरीरात रेंगाळतो. आणि तुम्ही संध्याकाळी सातलाच दोन फुलके खाऊन मोकळे होता.

मामा : मग मला सातच्या आत ढकलता कशाला?

भाची : त्या सातामागे पुरावा आहे म्हणून. ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा अभ्यास सुरू झाला. नुकताच मधुमेह निघालेली हजारो माणसं होती. १९९८ मध्ये निकाल आला. एका गटाची सरासरी ७ राहिली होती, दुसऱ्याची ७.९. सात असलेल्यांमध्ये डोळे, किडनी यांसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी होते. त्यानंतर दोन्ही गटांची शुगर सारखी झाली, तरी २००८ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा सुरुवातीला नीट सांभाळलेल्यांचा फायदा टिकून होता. पहिली वर्षं फार मोलाची असतात, मामा.

मामा : ती माणसं वयाने केवढी होती?

भाची : पंचवीस ते पासष्ट.

मामा : आणि नुकतीच शुगर निघालेली. मी बहात्तरचा आणि शुगर एकोणीस वर्षं जुनी. मला त्या अभ्यासात घेतलंच नसतं.

भाची : नसतं घेतलं.

मामा : मग त्यांचा सात माझ्या गळ्यात का?

भाची : रास्त प्रश्न आहे. अमेरिका आणि कॅनडात अकॉर्ड नावाचा दुसरा अभ्यास झाला. दहा हजारांवर माणसं, सरासरी वय बासष्ट, शुगर जुनी, आणि हृदयविकार झालेला किंवा व्हायचा मोठा धोका असलेली. त्यांच्या एका गटाला सहाच्या आत आणायचं ठरलं. फेब्रुवारी २००८ मध्ये ते मध्येच थांबवावं लागलं. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात २०३.

मामा : हे तुम्हा लोकांना ठाऊक आहे?

भाची : आहे. वय झालेल्या, जोडीला इतर आजार असलेल्या माणसाला आठच्या आत पुरे, लो होऊ देऊ नका, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनसुद्धा सांगते. तुमच्या वयाला ७.८ हे नापासाचे मार्क नाहीत. पण भीतीपोटी बिस्किटं खाऊन आलेला ७.८ मला नको आहे. उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जायचं आणि रात्रीचं सगळं सांगायचं. गोळी कमी करायची की बदलायची, ते ठरवतील.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामांच्या बाजूने आहे. डॉक्टरांना माहीत असूनही सात सुटत नाही, याचं एक कारण लॅबच्या कागदात आहे. तिशीतल्या तरुणाला आणि ऐंशीच्या आजींना त्यावर एकच पट्टी छापलेली असते आणि पुढे गेलेला आकडा ठळक होऊन येतो. तो पाहून रुग्ण घाबरतो, मुलं बिथरतात, आणि डॉक्टरला गोळी वाढवणं हे गोळी कमी करण्यापेक्षा सोपं जातं. शिवाय हा आकडा प्रत्येकाच्या बाबतीत खरं बोलतोच असं नाही. झाबुआ, अलीराजपूर, धारकडून उपचारासाठी इंदुरात येणाऱ्या आदिवासी रुग्णांमध्ये सिकलसेल आढळतो, आणि लाल पेशींचाच आजार असेल तर एचबीएवनसीवर विसंबता येत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांच्या बाबतीतही तो फसवू शकतो.

मामांचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

मामा : लो होणं गोळी बदलून थांबेल. घरभर जी पाळत असते तिचं काय करू? मागच्या महिन्यात लग्नाला गेलो. पंगतीत बसलो होतो. वाढपी श्रीखंड घेऊन आला आणि समोरच्या रांगेतून आमचे चिरंजीव मोठ्याने म्हणाले, ‘बाबांना नको, शुगर आहे त्यांना.’ वर उठून येऊन माझ्या वाटीवर हात धरला. शेजारचे व्याही बघत होते. त्या क्षणापासून मी पाहुणा राहिलो नाही, पेशंट झालो.

भाची : तुम्ही किती घेणार होतात?

मामा : दोन चमचे घेतलं असतं. त्या बदली पुरी सोडली असती. एकोणीस वर्षं हा हिशेब करतोय मी, मला येत नाही का? पण मला विचारायचंच नाही. चहात साखर किती, दुपारी झोपलो किती, चाललो किती, सगळ्याचा जाब मला. सत्तर वर्षांच्या माणसाला वाटीवर हात धरून थांबवणं हा कसला उपचार?

भाची : दादाचं चुकलंच. पण तो का घाबरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांचा पाय गेला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. ड्रेसिंगचा वास त्याला अजून आठवतो.

मामा : मला नाही का आठवत?

भाची : मग रोजच्या खाण्याचं बोलू या. लग्नातलं श्रीखंड मला टोचत नाही. तुम्ही सकाळी फिरायला म्हणून निघता आणि कोपऱ्यावर पोहे-जिलेबी खाऊन येता, ते टोचतं.

मामा : इंदुरात राहून पोहेही सोडू?

भाची : सोडू नका. एक दिवस मशीन घेऊन बसा. नेहमीची प्लेट खा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर बघा. दुसऱ्या दिवशी अर्धी प्लेट, त्यावर मोड आलेल्या मटकीची उसळ, जिलेबी नाही. पुन्हा दोन तासांनी बघा. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा. मी काही सांगण्यापेक्षा ते जास्त सांगतील.

मामा : एकेका स्ट्रिपला पंधरा-वीस रुपये मोजावे लागतात.

भाची : म्हणून रोज नका करू. एरवी गोळ्यांवर असलेल्या माणसाला रोज बोट टोचायची गरज नसते. काही शिकायचं असेल, अंगात बरं नसेल, घाम आला असेल, तेव्हा करा. आणि बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथे कमी दुखतं, आणि दिवसभर पेन धरताना, पेपर चाळताना बोट हुळहुळत नाही.

मामा : हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

मामांनी मग कॉलनीतली दुसरी गोष्ट काढली. शेजारीपाजारी बरेच जण दिवसातून दोनदाच जेवतात. त्याविषयीची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं महाराष्ट्रातून इथल्या मोबाइलवरही पोचली आहेत.

भाची : काहींना फायदा होतो. वजन उतरलं की शुगर उतरते, हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आला. त्यांचा आहार वेगळा होता, काही महिने फक्त मोजून दिलेलं पातळ अन्न. शुगर निघून सहा वर्षं झाली नव्हती अशी माणसं घेतली होती. वर्षभराने त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आलेली होती. तुमच्यापेक्षा दादाने हे मनावर घ्यावं, त्याची शुगर बॉर्डरवर आहे. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं, तर रात्री तीनला तुमचं झालं ते त्याचं भरदुपारी गाडी चालवताना होईल.

मामा : म्हणजे एकूण माझंच बरोबर. शेवटची वर्षं सुखाने जगू द्या.

भाची : थांबा. मोजे काढा.

तिने पर्समधून एक बारीक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर दोरा होता. हा दोरा कातडीवर टेकवून दाबला की दहा ग्रॅम भाराला वाकतो. पायाची संवेदना शाबूत असेल तर तेवढा दाब कळतो. मामांना डोळे मिटायला सांगून ती एकेका जागी दोरा टेकवू लागली. लागलं की ‘हो’ म्हणायचं. उजव्या पायाला चार वेळा ‘हो’ आलं. डाव्या अंगठ्याच्या टोकाला दोरा वाकला, मामा गप्प. अंगठ्यामागच्या उंचवट्यावर वाकला, तरी गप्प. मग तिने टाच उलटी करून पाहिली. रुपयाएवढा फोड फुटून ओला झाला होता आणि मोज्याचा धागा त्याला चिकटला होता.

मामा : हे कधी झालं?

भाची : रात्री पायाशी काय घेता?

मामा : गरम पाण्याची पिशवी. थंडी किती आहे यंदा.

भाची : पिशवीने भाजलं आणि तुम्हाला कळलं नाही. चार-पाच दिवस तरी झालेत याला. मामा, शुगर दुखत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की तिने तुमचं काही नेलं नाही. आजोबांना नवी चप्पल चावली होती. तेवढंच. ते कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. मी आठवड्याला असे पाय बघते. बायपासवरच्या ढाब्याचा स्वयंपाकी, शाळेतला शिपाई, मोठ्या दुकानाचे मालक. तुम्ही सुखाने जगण्याचं म्हणालात ना? पाय गेलेल्या माणसाला सराफ्यात कोण नेतं?

मामा काही बोलले नाहीत.

भाची : पिशवी आजपासून बंद. हा फोड आज ड्रेसिंग करून दाखवायचा. रोज रात्री पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा. पाणी पायाने नाही, कोपराने तपासायचं. खजराना गणपतीला उन्हाळ्यात अनवाणी जाता ना, फरशी तापलेली असते. स्वच्छ सुती मोजे घालून जा.

मामा : देवळात मोजे घालून?

भाची : हो. आणि वर्षातून एकदा थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासायचा, लघवीतलं अल्ब्युमिन बघायचं. या तीन गोष्टींत मी तुमचं काही ऐकणार नाही. आकड्यात ऐकेन, पोह्यात ऐकेन, यात नाही.

इथे भाचीचं बरोबर आहे, आणि निम्मं निम्मं असं नाही, पूर्ण बरोबर आहे. आकड्यात थोडी सूट देणं म्हणजे आजाराकडे पाठ फिरवणं नव्हे. रुग्णाच्या मनाचा विचार करा म्हणणारे आपण पुष्कळदा इथेच ढिले पडतो. पायाची तपासणी पाच मिनिटांची असते, दोऱ्याला वीज लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. तरी वर्षानुवर्षं शुगर असलेल्या कितीतरी माणसांना डॉक्टरांच्या खोलीत कुणी कधी चप्पल काढायला सांगितलेलं नसतं.

एवढ्यात मामी तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आली.

मामी : झालं पायाचं? मघापासून ऐकतेय मी. मनासारखं खाणं, वाटीवर हात, घरभर पाळत. मला शुगर निघाली त्याला सहा वर्षं झाली. यांच्यासाठी वेगळं पीठ दळून येतं, कमी तेलाची भाजी होते. ती मी करते. मग नातवंडांसाठी दुसरी करते. शेवटी जे उरेल ते मी खाते. पाळत राहू दे, माझ्या ताटाकडे कुणी बघतच नाही. यांचा आकडा घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. माझा किती आहे, विचार यांना.

मामांनी भाचीकडे पाहिलं. त्यांना सांगता आलं नाही.

भाची : शेवटची तपासणी कधी केलीस, मामी?

मामी : गेल्या गणपतीच्या आधी. पट्ट्या आणतात त्या यांच्यासाठी, माझ्यावर कशाला वाया घालवायच्या? आणि मी अशी काडी. मला वाटायचं, हा जाड माणसांचा आजार.

भाची : पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःवरच हे करून दाखवलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपण बारीक दिसतो, चरबी आत असते. आणि हा तिळगूळ पण साखरेचाच भाऊ गं, गुळाने शुगर वाढत नाही हे खरं नाही. एखादा खा. बरं, गोळ्या तरी नीट चालू आहेत ना?

मामी : एक चालू आहे. ती नवी दिली होती, ती मी बंद केली.

भाची : का?

मामी : तू जरा आत ये.

आत मामीने जे सांगितलं ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती नवी गोळी सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत लघवीच्या जागी खाज आणि जळजळ सुरू झाली. देवासमोर बसवेना, रात्री झोप लागेना. डॉक्टर पुरुष, शेजारच्या खुर्चीवर मामा, मागे रांग. काय सांगणार? तिने गोळी थांबवली आणि कुणाला कळू दिलं नाही. पुढच्या रिपोर्टात शुगर वाढलेली दिसली, डॉक्टरांनी आणखी एक गोळी लिहिली. तीही तिने आणली नाही.

भाची : मामी, ही डापाग्लिफ्लोझिन. शरीरातली जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, बायकांना जास्त. चार दिवसांच्या औषधाने बरा होतो. पाणी भरपूर प्यायचं, जागा कोरडी ठेवायची, आणि पुन्हा पुन्हा झालं तर गोळी बदलून देता येते. पण ती दिली होती किडनी आणि हृदय सांभाळायलाही. पेटंट संपल्यापासून ती स्वस्तही झाली आहे. तू मला आधी का नाही सांगितलंस?

मामी : तू घरी येतेस तेव्हा यांचा रिपोर्ट बघतेस.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. मला जे म्हणायचं आहे ते मामीच्या या एका वाक्यात आलं. रुग्णाच्या जगण्याची विचारपूस हा उपचारावरचा वरकड भाग समजला जातो. वेळ उरला तर करायची, चांगल्या स्वभावाच्या डॉक्टरने करायची. पण ती झाली नाही की माणसं डॉक्टरशी भांडत बसत नाहीत. ती गुपचूप गोळी सोडतात, नाही तर गुपचूप बिस्किटं खातात. मग आकडा वाढतो आणि त्या आकड्यासाठी नवी गोळी येते. मामांच्या भीतीने आणि मामीच्या संकोचाने त्यांच्या शुगरचं जे नुकसान केलं, ते जिलेबीने केलेलं नाही. पुरुषांचंही असंच एक न बोललेलं दुखणं आहे. मधुमेहात लैंगिक क्षमता कमी होणं अगदी सर्रास आढळतं, कित्येक जण त्यासाठी भिंतीवरच्या जाहिरातींच्या नादी लागतात, पण आपल्या डॉक्टरला विचारत नाहीत.

विचारायची साधनं नाहीत असंही नाही. अमेरिकेत विल्यम पोलन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मधुमेहाच्या मानसिक ओझ्यासाठी वीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आपल्याकडे २०१० साली खास भारतीय मधुमेही रुग्णांसाठी ३४ प्रश्नांची ‘क्वॉलिड’ तयार झाली. पैशाचा ताण, खाण्यावरची बंधनं, मनाची अवस्था, उपचाराबद्दलचं समाधान हे सगळं त्यात आहे. शोधनिबंधांत या प्रश्नावल्या भरपूर वापरल्या जातात. दवाखान्याच्या टेबलावर मात्र त्या क्वचितच दिसतात. सगळे ३४ प्रश्न विचारायला वेळ नसेल, हे मान्य. ‘या उपचारातलं तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?’ हा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं.

आणि मामा-मामींचं घर पेन्शनवालं आहे, हेही विसरू नये. दिवसाला तीन घरची भांडी घासणारी बाई एमवाय रुग्णालयाच्या रांगेत उभी राहिली की तिचा दिवसाचा रोज बुडतो. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळू लागलं ही चांगली गोष्ट, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं. पाय कापायचा खर्च त्यातून निघेल, तो पाय वाचवणाऱ्या रोजच्या गोळ्यांचा निघत नाही. त्या गोळ्या वस्तीजवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये आणि सरकारी आरोग्य केंद्रात न चुकता मिळाल्या पाहिजेत, तिथे एक दोरा असला पाहिजे, आणि बायकांशी बोलायला एक बाई असली पाहिजे. निरोगी जगण्याची चर्चा यापासून सुरू झाली नाही, तर ती फक्त आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यात राहील.

संध्याकाळी मामा ड्रेसिंग करून आले. टेबलाशी बसून त्यांनी डायरीत दोन रकाने आखले.

मामा : डॉक्टरांना सांगितलं सगळं. रात्रीची अर्धी गोळी बंद केली त्यांनी. म्हणाले, आठच्या आत राहू द्या. बघ, जिंकलो की नाही मी?

भाची : आकड्यात जिंकलात. जिलेबीत नाही.

मामा : जिलेबीचं आपलं जमायचं नाही.

भाची : नको जमू दे. हा दुसरा रकाना कुणाचा?

मामा : हिचा. उद्या सकाळी दोघांची फास्टिंग. आधी हिची.

त्या दोघांचा जिलेबीचा वाद चालू राहील, तो राहू द्या. वाचकांना माझी विनंती दुसरी आहे. घरात शुगरचा माणूस असेल तर त्याच्या वाटीवर हात धरण्याआधी त्याचे तळपाय बघा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘माझ्या वयाला, माझ्या प्रकृतीला किती आकडा चालेल?’ हे विचारा, आणि घाम येऊन जाग आली असेल तर ती रात्र आधी सांगा. आणि घरातल्या बाईला शुगर असेल तर तिचा शेवटचा आकडा आज विचारून घ्या, आणि डॉक्टरांच्या खोलीत तिला एकदा एकटीला जाऊ द्या.